बागेतली काच पांढऱ्या पडद्यावर नको

हाताने घडवलेल्या काचवस्तूचा फोटो बंद खोलीत, पांढऱ्या पडद्यावर, स्थिर दिव्यांत काढावा. बाहेरचा उजेड घटकेघटकेला बदलतो, त्यावर विसंबता येत नाही. बागेतला फोटो भिंतीवर लावायला छान, पण वस्तू कशी आहे ते सांगायला निरुपयोगी. हे मत आता इतक्या ठामपणे मांडलं जातं की त्याचं कारण कुणी विचारत नाही. एका हस्तकला प्रदर्शनाच्या माहितीपत्रकासाठी मी पाठवलेली छायाचित्रं याच नियमावर बोट ठेवून परत आली. वस्तू फिरोझाबादच्या भट्टीत फुंकलेल्या होत्या: झाडाला टांगायचे रंगीत गोळे, वाफ्यात खोचायच्या लांब पात्या, पाखरांसाठी पाण्याचं पसरट भांडं. फोटो काढले होते मलिहाबादच्या आंबराईत. परत आलेल्या पाकिटावर शेरा होता, ‘वस्तूचा खरा रंग दिसत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पुन्हा काढून पाठवावेत.’

पुन्हा काढून पाठवणं सोपं होतं. पण त्या शेऱ्यामागची समजूतच मला मान्य नाही, आणि ती एका संयोजकापुरती नसल्यामुळे तिला सविस्तर उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं.

आधी जागेविषयी. लखनौपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचं मलिहाबाद ओळखलं जातं ते दसहरी आंब्यासाठी. ‘मलिहाबादी दसहरी’ला भौगोलिक मानांकन आहे, आणि ज्या झाडापासून ही जात पसरली असं मानतात ते जवळच काकोरीच्या बाजूला दशहरी गावात अजून उभं आहे. काचेचं काम चालतं ते तिथून तीनेकशे किलोमीटरवर फिरोझाबादेत. मग बांगड्या-झुंबरांच्या त्या गावातली काच उचलून आंब्याच्या बागेत कशाला न्यायची? कारण ती काच बागेसाठीच केलेली आहे. ती कपाटात ठेवायची नाही, टेबलावर मांडायची नाही. झाड, ऊन, पाऊस आणि वारा गृहीत धरून कारागिराने ती जाड ठेवली, तिला आकडा दिला, तिच्यात रंग ओतला. जिथे ती आयुष्य काढणार आहे तिथे ती कशी दिसते, एवढंच मला दाखवायचं होतं.

समोरची बाजू पोकळ नाही हे मान्य करते. विकत घेणाऱ्याला दोन वस्तूंची तुलना करता आली पाहिजे, आणि एक सकाळी नि दुसरी ढगाळ दुपारी टिपलेली असेल तर तुलना बिघडते. मावळतीला काढलेला लालभडक गोळा घरी पोचल्यावर मरून निघाला तर गिऱ्हाईक फसवलं गेल्यासारखं चिडणार, आणि चिडायचा त्याला हक्क आहे. काच आरशासारखी आजूबाजूचं सगळं अंगावर घेते, त्यामुळे बाहेरच्या फोटोत फोटो काढणाऱ्याचा शर्ट, शेजारचं पत्र्याचं छप्पर, विजेची तार सगळं उमटतं. हे आक्षेप अनुभवातून आलेले आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

मुख्य शब्द ‘खरा रंग’. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन प्याला आहे, लायकर्गसचा प्याला म्हणून तो प्रसिद्ध आहे. उजेड समोरून पडला की तो हिरवट आणि गढूळ दिसतो. मागून आला की लालबुंद. काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत, त्यांच्यामुळे हे घडतं. या प्याल्याचा खरा रंग कोणता? संग्रहालयाने त्याचा एकच फोटो छापायचा ठरवला तर तो कुठलाही असला तरी अर्धाच असेल. हा फार दुर्मीळ नमुना झाला असं कुणी म्हणेल, तर निओडिमियम घातलेली काच घ्या. दिवसाच्या उजेडात ती जांभळट असते आणि ट्यूबलाइटखाली निळसर होते. तेही नको असेल तर सगळ्यांच्या ओळखीची कोबाल्टची गडद निळी काच घ्या. जाड तुकडा सावलीत समोरून बघितला तर जवळजवळ काळा. सूर्याकडे धरला तर आतून निळा पेटतो. यांतला कुठलाही रंग खोटा नाही. रंगवलेल्या कुंडीचा रंग तिच्या पाठीवर असतो, म्हणून तिच्याबाबत ‘खरा रंग’ म्हणण्याला बराच अर्थ आहे. काचेचा रंग उजेड तिच्यातून पार होताना घडतो. किती उजेड, कुठल्या बाजूने, किती जाडीतून, हे ठरल्याशिवाय रंग ठरतच नाही.

हाताने फुंकलेल्या गोळ्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. नळीपासून सोडवला त्या जागी तो जाड, फुगला तिथे पातळ. जाडी थोडी वाढली तरी रंग पुष्कळ गडद होतो, त्यामुळे एकाच गोळ्यात फिक्यापासून गडदपर्यंत छटांची पूर्ण चढण असते. कमी उजेडात तिचा फिका भाग तेवढा बोलतो, जाड भाग मुका राहतो. सूर्य सरळ मागे आला की जाड भाग उजळतो आणि पातळ भाग जवळजवळ पांढरा पडतो. ही चढण बघायची तर उजेड बदलावाच लागतो. जो बदल दोष म्हणून सांगितला जातो, त्याच्याशिवाय कारागिराच्या हाताचं काम पूर्ण वाचता येत नाही.

पांढरा पडदा म्हणजे तटस्थ जागा, ही दुसरी समजूत. स्टुडिओत काचेसाठी दोन जुन्या पद्धती आहेत. एकीत मागे उजळ पांढरा पडदा असतो आणि कडा उठाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे लावतात. काच पांढरी दिसते, तिच्या कडा काळ्या. दुसरीत मागे काळोख आणि उजेड चौकटीबाहेरून कडेने आत सोडलेला. काच काळी, कडा चमकत्या. दोन्ही चांगल्या पद्धती आहेत आणि दोन्हीत काच आपल्या भोवतालाचंच चित्र दाखवते. फरक एवढाच की तिथला भोवताल पुठ्ठ्यांचा आहे. पारदर्शक वस्तूला भोवतालापासून सोडवता येत नाही. एका भोवतालातून काढून दुसऱ्यात ठेवता येते फक्त. मग बागेसाठी केलेल्या वस्तूला पुठ्ठ्यांचा भोवताल जास्त प्रामाणिक आणि झाडांचा कमी, हे कुठल्या न्यायाने?

आंबराई तर या कामाला मुद्दाम बांधल्यासारखी आहे. आंब्याचं झाड बारमाही हिरवं, पान गडद आणि जाडसर, जुन्या बागांमध्ये फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. बागेच्या कडेला उभं राहून आत बघितलं तर दुपारीही काळसर हिरवा अंधार दिसतो. त्या अंधारासमोर गोळा टांगा आणि सूर्य मागून, जरा बाजूने, चौकटीबाहेर राहील असे उभे राहा. स्टुडिओतली काळोख्या पडद्याची पद्धत तिथे आपोआप जमून येते. कडा पेटतात, आतले बुडबुडे एकेक सुटे दिसतात, वितळलेल्या काचेला वळवताना उमटलेल्या रेषा दिसतात. वर फांद्यांचं छत असल्यामुळे उघड्या आकाशाचं ते मोठं पांढरं प्रतिबिंबही गोळ्याच्या माथ्यावर येत नाही. साध्या काचेवर उजेड सरळ पडला तर एका पृष्ठभागावरून चारेक टक्केच परत फिरतो; तो तिरका पडत गेला की परतीचा वाटा वाढत जातो. म्हणून प्रतिबिंबाचा त्रास हा बाहेरच्या उजेडाचा दोष नसून बहुतेक वेळा आपण कुठे उभे राहिलो याचा परिणाम असतो. दोन पावलं सरकलं की विजेची तार जाते.

प्रतिबिंब घालवायला ध्रुवक फिल्टर लावा, असा सल्ला हमखास मिळतो. सपाट तावदानाला तो उपयोगी पडतो, तोही एका ठरावीक तिरक्या कोनात, साधारण छप्पन्न-सत्तावन्न अंशांच्या आसपास. गोळ्याचा पृष्ठभाग प्रत्येक बिंदूला वेगळ्या दिशेने वळलेला असतो. तिथे फिल्टर एक पट्टा साफ करतो आणि बाकीचा तसाच ठेवतो. शिवाय निळ्या आकाशाचा उजेड स्वतःच अंशतः ध्रुवित असतो. काच भट्टीनंतर पुरेशी सावकाश थंड झाली नसेल तर तिच्यात ताण राहतो, आणि तो ताण अशा उजेडात फिल्टरमधून बघितला की रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसू लागतो. कारागिराने न घातलेले रंग फोटोत येतात. काचेची परीक्षा करायला ही युक्ती चांगली, तिचा फोटो दाखवायला वाईट. हातकाचेसाठी फिल्टर पिशवीतच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरचा उजेड बदलतो, पण तो लहरीने बदलत नाही. त्याचा हिशेब आधी मांडता येतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला शून्य सावलीचा दिवस माहीत आहे. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैअखेर सूर्य भर मध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो. मलिहाबाद कर्कवृत्ताच्या उत्तरेला, जवळपास सत्तावीस अक्षांशावर. तिथे तो दिवस कधीच येत नाही. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य तिथे सुमारे साडेशहाऐंशी अंशांवर चढतो, आणि डिसेंबरच्या त्याच सुमाराला चाळीस अंशांच्याही जरा खालीच राहतो. मुंबईत खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या पुढे होते. मलिहाबाद भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाला जवळ असल्यामुळे तिथे ती बारानंतर थोड्याच मिनिटांत उरकते, वर्षभरात जरा मागेपुढे. म्हणजे कुठल्या महिन्यात किती वाजता कुठल्या फांदीखाली कोणत्या उंचीवरून ऊन येणार हे आदल्या दिवशी सांगता येतं. जे आधी सांगता येतं त्याला बेभरवशाचं म्हणणं बरोबर नाही.

ऋतूंचं तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं मोहरलेली असतात, तिथे त्याला बौर म्हणतात. पिवळट तुऱ्यांमुळे बागेतला उजेडच किंचित उबदार होतो, आणि नवी तांबूस पालवी फुटली की गोळ्यात तो तांबूसपणा उतरतो. मेमध्ये लू वाहते, आभाळ धुळीने फिकट होतं, सावल्यांच्या कडा मऊ पडतात. अलीकडे काही बागांत फळांना कागदी पिशव्या बांधतात. चौकटीत त्या तपकिरी पिशव्या येतात, आणि मी त्या काढायला सांगत नाही. मग एखाद्या संध्याकाळी धुळीचं वादळ येतं, कैऱ्या गळतात, टांगलेली काच उतरवून ठेवली नसेल तर फुटते. वादळानंतर पाऊस झाला तर दुसऱ्या सकाळची हवा धुतलेली असते, त्या उजेडात हिरवी काच पानांपासून वेगळी ओळखू येते. एरवी ती पानांत हरवते. जूनमध्ये दसहरी उतरते, बागेत माणसं, पेट्या, ट्रक यांची गर्दी होते. जुलैतल्या ढगांखाली उजेड सगळीकडून सारखा येतो. तेव्हा काचेचा आकार सगळ्यांत नीट दिसतो आणि तिचा रंग शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावरचं धुकं कधी दुपारपर्यंत हटत नाही. तेव्हा काचेच्या मागे उजेडच उरत नाही, आणि निळ्या गोळ्याचा रंग शाईसारखा दाट होतो. उघड्यावरची काच रात्री आभाळाकडे उष्णता टाकून थंड होते आणि पहाटे तिच्यावर दव बसतं. छताखालच्या काचेवर कमी. ही सगळी त्या एका वस्तूची माहिती आहे. बाग असलेला माणूस ती वस्तू विकत घेतो तेव्हा वर्षभराचं हे सगळंच विकत घेतो. त्याला पांढऱ्या पडद्यावरची एक दुपार दाखवून आपण नेमकं काय सांगितलं?

जमिनीकडे तर माहितीपत्रकं कधी बघतच नाहीत. काचेतून पार झालेलं ऊन खाली पडतं तेव्हा वाकड्या रेषांची, ठिपक्यांची रंगीत नक्षी तयार होते, आणि सूर्य सरकेल तशी ती सरकते. झाडाखाली हिचं दृश्य जास्तच गुंतागुंतीचं असतं. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे गोल कवडसे म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा. सूर्यग्रहणात ते कोरीसारखे होतात ते त्यामुळेच. असा एक कवडसा गोळ्यावर येतो, वाऱ्याने पान हललं की जातो, आणि तेवढ्यात काच एकदा आतून उजळते, एकदा विझते. टांगायचा गोळा करणाऱ्याने हे लक्षात घेतलेलं असतं. ही नक्षी वस्तूच्या बाहेर, मातीवर पडते म्हणून ती वस्तूचा भाग नाही असं म्हणता येणार नाही. पांढऱ्या तंबूत चारी बाजूंनी मऊ उजेड येतो, त्यात ही नक्षी तयारच होत नाही. म्हणजे अर्धी कलाकृती फोटोतून गायब होते आणि त्या फोटोला अचूक म्हटलं जातं.

भरीव गोळ्याबद्दल एक इशारा मला इथेच द्यायचा आहे. तो भिंगासारखा ऊन एकवटतो. मेच्या वाळलेल्या पाचोळ्यावर तो तसाच ठेवून जाऊ नका, आग लागू शकते. काचेच्या याच गुणावर हवामानशास्त्राचं एक साधं यंत्र चालत आलं आहे. कॅम्पबेलने १८५३ साली काढलेल्या आणि स्टोक्सने १८७९ साली सुधारलेल्या सूर्यप्रकाशमापकात एक भरीव काचगोल उघड्यावर बसवतात. एकवटलेलं ऊन मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर दिवसभर जळकी रेघ ओढतं. ढग आले की रेघ तुटते. आपल्या वेधशाळांतही ही यंत्रं बसवली गेली. बदलत्या उन्हाची विश्वासार्ह नोंद घ्यायला ज्यांनी काचेचा गोळा बाहेर ठेवला त्यांना बदलता उजेड अडचणीचा वाटला नाही, कारण तोच मोजायचा होता.

मग पांढऱ्या पडद्याचा नियम कुठल्या वस्तूंना शोभतो? एका साच्यातून निघालेल्या सारख्या वस्तूंना. महाराष्ट्राला हा फरक कळायला हरकत नाही, कारण काचधंद्याचं आपलं नातं जुनं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा वर्गणीची कल्पना मांडली, टिळकांनी तिला बळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. तिथे तज्ज्ञ म्हणून काम केलेले ईश्वरदास वार्ष्णेय आजच्या उत्तर प्रदेशातले; जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले, आणि पुढे त्यांनी आपल्या प्रांतात बहजोईला काच कारखाना चालवला. ओगले बंधूंचा कारखाना कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. कंदिलाची काच फुटली तर दुकानातून दुसरी आणून तिथे बसली पाहिजे. ती पहिलीसारखीच असणं हीच तिची गुणवत्ता. अशा मालाची यादी पांढऱ्यावर, एकसारख्या उजेडात, मापासकट छापावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हाताने फुंकलेल्या गोळ्याचा मात्र जोडीदार सापडत नाही. त्याला सुट्या भागाच्या यादीतली शिस्त लावली की त्याचं वेगळेपण दोषासारखं दिसायला लागतं: हा थोडा वाकडा, याच्यात बुडबुडा, याचा रंग एका बाजूला उतरलेला. कारागिराला मग साच्याच्या मालाशी स्पर्धा करावी लागते आणि त्या स्पर्धेत तो हरतो. हा छायाचित्रणाच्या शैलीपुरता वाद नाही. फिरोझाबादच्या फुंकनळीवर बसलेल्या माणसाच्या पोटाशी त्याचा संबंध आहे.

बाहेर फोटो काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशीही माझं भांडण आहे, कारण पांढऱ्या पडद्याच्या समर्थकांना बळ त्यांच्याच कामातून मिळतं. बाहेर काढायचं म्हणजे सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा सोनेरी तास, याखेरीज दुसरी वेळ त्यांना माहीत नाही. सगळ्या वस्तू त्या एका मधाळ रंगात बुडवायच्या, वर संगणकावर रंग आणखी चढवायचे. तेव्हाचा उजेड तीनेक हजार केल्विनच्या घरातला, म्हणजे दिव्याइतका पिवळा. त्यात लाल, केशरी काच खुलते आणि निळी मरते. फक्त त्या वेळेला काढलेले फोटो स्टुडिओइतकेच एकसुरी असतात. गिऱ्हाईक फसतं ते अशा फोटोंनी. भर दुपारचा कठोर फोटो आणि धुक्यातला मंद फोटो दाखवायचं धैर्य नसेल तर बाहेरच्या उजेडाची बाजू घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी खोड कॅमेऱ्याची. रंगसंतुलन आपोआप ठरवायला सोडलं की कॅमेरा सकाळ, दुपार, सावली सगळ्यांना एका सरासरी पांढऱ्याकडे ओढतो. आंब्याच्या छताखालचा हिरवेपणा तो दोष समजून पुसतो, आणि तो पुसताना काचेत किरमिजी छटा घुसवतो. सावलीतला उजेड सात-आठ हजार केल्विनपर्यंत निळसर असतो, तेही तो लपवतो. मोबाइल तर पुढे जाऊन दोनचार फोटो जोडून उजळ आणि काळ्या भागांतलं अंतरच मिटवतो, मग काच पेटलेलीच दिसत नाही. उपाय साधा आहे. रंगसंतुलन दिवसाच्या उजेडावर, साडेपाच हजार केल्विनच्या आसपास कायम बांधून ठेवावं आणि दिवसभर हलवू नये. फाइल कच्च्या स्वरूपात ठेवावी. उजेड मोजताना काचेचा सर्वांत तेजस्वी भाग धरावा, मागचा अंधार अंधार राहू द्यावा. करड्या पट्टीचा एक फोटो नोंदीसाठी काढावा, पण सगळे फोटो त्या पट्टीवर ओढून सपाट करू नयेत. असं केलं की सकाळ आणि दुपार यांतला फरक उजेडाचा राहतो, यंत्राच्या मर्जीचा राहत नाही. एकसारखेपणा हवाच असेल तर तो कॅमेऱ्यात ठेवावा, सूर्याकडे मागू नये.

लखनौच्या जुन्या छायाचित्रकारांना हे जास्त नीट कळत असावं. दरोगा अब्बास अली यांनी १८७४ साली शहराच्या इमारतींचा अल्बम काढला तेव्हा सूर्याशिवाय दुसरा दिवा नव्हता. त्या काळातल्या ओल्या काचपट्टीला मुख्यतः निळा उजेड कळायचा. लाल वस्तू काळी उमटायची आणि आभाळ पांढरं. त्या फोटोंना आपण खोटं म्हणत नाही. ते कोणत्या उजेडात, कोणत्या पट्टीवर घेतले हे ठाऊक असल्यामुळे आपण ते बरोबर वाचतो. वाचणाऱ्याला परिस्थिती सांगितली की फसवणुकीचा प्रश्न उरत नाही.

पांढऱ्या पडद्याला त्याची जागा मी देते. वस्तूचं माप, तिला गेलेला तडा, आकड्याची जोडणी, तळाचा खडबडीतपणा हे साध्या पार्श्वभूमीवर, मोजपट्टी शेजारी ठेवून दाखवावं. बागेत ते शोधत बसायला लावणं गिऱ्हाइकावर अन्याय आहे. चंदीगडच्या नेक चंद यांच्या रॉक गार्डनमधल्या आकृत्यांवर फुटक्या बांगड्या सिमेंटमध्ये बसवलेल्या आहेत. त्यांच्यातून उजेड पार होत नाही, तिथे समोरचा सारखा उजेड बरंच काही सांगतो. काच कशी वापरली आहे यावर फोटोची पद्धत ठरावी. पण तो साधा फोटो मुख्य आणि बागेतला फोटो सजावट, हा क्रम बागेच्या काचेला लागू पडत नाही. तिथे बागेतला फोटो हाच पुरावा आहे आणि पांढऱ्यावरचा फोटो त्याला जोडलेली टीप.

खर्चाचा मुद्दाही उलटा आहे. पांढरा तंबू, दिवे, भाडं, माणूस हे सगळं छोट्या कारागिराला परवडत नाही. मग तो चादर लटकवून खोलीच्या ट्यूबलाइटखाली फोटो काढतो, त्यावर हिरवी झाक येते आणि माहितीपत्रकात तोच ‘निकृष्ट’ ठरतो. ऊन फुकट आहे. झाड गावात आहे. त्याला शिकायचं आहे ते एवढंच की सूर्य कुठे ठेवायचा, मागे अंधार कसा निवडायचा आणि फोटोखाली काय लिहायचं.

म्हणून प्रदर्शनांच्या आणि विक्रीदालनांच्या संयोजकांकडे माझी स्पष्ट मागणी आहे. बागेसाठी केलेल्या काचवस्तूचे निदान तीन फोटो घ्या: एक मागून आलेल्या उन्हात, एक समोरच्या उजेडात, एक ढगाखाली किंवा सावलीत. प्रत्येकाखाली महिना, वेळ, सूर्याची बाजू आणि आभाळाची स्थिती एका ओळीत छापा. मापासाठी साधा फोटो शेवटी जोडा. आणि ‘बाहेर काढलेली छायाचित्रं स्वीकारली जाणार नाहीत’ हे वाक्य तुमच्या नियमावलीत असेल तर ते पुढच्या प्रदर्शनाआधी काढून टाका.